काठी टेकली की दिवा

ऊर्जाबाबांनी काठी टेकवली आणि दादाच्या ट्रेलरमधले तिन्ही दिवे लागले. काठी उचलली, दिवे गेले. पुन्हा टेकवली, पुन्हा लागले. भर दुपारी पडदे ओढून, दार सताड उघडं ठेवून हा खेळ चालला होता आणि आजूबाजूच्या ट्रेलरमधली पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी होती.

मी लिफ्ट दुरुस्त करते. बटण दाबल्यावर दार उघडतं, यात मला कधी देव दिसला नाही. त्यामुळे अशा वेळी सगळे दिव्याकडे बघतात आणि मी माणसाच्या हाताकडे बघते.

माझा दादा रंगारी. मोठ्या इमारतीचं काम निघालं की सहा-सहा महिने तिथेच मुक्काम, म्हणून त्याने हे चाकांवरचं घर घेतलं. छपरावर सौर पॅनेल, पुढच्या लोखंडी दांड्यावर पेटीत बॅटरी, आत दिवे, पंखा आणि वहिनीसाठी छोटा फ्रीज. वहिनीला लहानपणापासून मधुमेह आहे, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. गेला महिनाभर दिवे आणि फ्रीज मध्येच बंद पडत होते. दादाने बॅटरी बदलली. दोन दिवस बरे गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. दुसरी बदलली, तेच. तेवढ्यात काल कुणीतरी ऊर्जाबाबांना आणलं. शेजारच्या चार ट्रेलरना ते आधीच पावले होते.

"या घराला चाकं आहेत, मूळ नाही," बाबा सांगत होते. "मूळ नाही तिथे ऊर्जा टिकेल कशी? आम्ही काठीवाटे भूमीची ऊर्जा चढवतो. पण आतली एक वस्तू ती शोषून घेते. ते थंड औषध. ते घरात नको आणि अंगातही नको. एकवीस दिवस आमचं पाणी घ्या, सुई विसरा."

मी चपापून वहिनीकडे बघितलं. ती पायरीवर बसली होती, ओठ सुकलेले, हातात पाण्याची बाटली, तीही संपत आलेली.

"वहिनी, इंजेक्शन घेतेयस ना?"

"कालपासून नाही," ती हळूच म्हणाली. "चिडू नका वन्सं. फ्रीज बंद पडून औषध वायाच जातंय. आणि बाबांनी दिवे लावले ते आपण डोळ्यांनी बघतोय की."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

"हे खोटं आहे असं दाखवा, मग येते," ती म्हणाली. वहिनी एकदा हटून बसली की दादाचंही चालत नाही. मला भीती वाटली आणि तितकाच रागही आला.

मग मी बाबांना नीट न्याहाळलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. काठीचं टोक लोखंडी होतं. भूमीची ऊर्जा म्हणायचे, पण काठी एकदाही मातीत टेकली नव्हती. दर वेळी ती बॅटरीच्या पेटीशेजारी, दांड्यावर, एकाच जागी टेकत होती. आणि त्यांच्या झग्याच्या काठाला बारीक बारीक भोकं पडलेली होती. बॅटरीतलं ॲसिड उडालं की तशी पडतात. माझ्या कामाच्या पँटला आहेत.

"बाबा, काठी जरा मातीत टेकवा ना," मी म्हटलं. "भूमी तिकडे आहे."

"ताई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"श्रद्धेची नाही हो, काठीची घेतेय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आता बाबांना माघार घेता येईना. त्यांनी मातीत काठी रोवली. दिवे काही लागले नाहीत.

"संशयी माणूस जवळ आला की ऊर्जा आटते," बाबा म्हणाले.

"मघाशी दिवे लागले तेव्हाही मी इथेच होते."

मी पिशवीतून मीटर काढला, पेटी उघडली आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावला. आकडा साडेबारा व्होल्टच्या वर.

"दादा, बॅटरी भरलेली आहे. पॅनेल तिला रोज भरतंय."

"मग दिवे का लागत नाहीत?"

"वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते. परतीची तार या दांड्याला बोल्टने आवळलेली आहे. परतीची वाट अडली की भरलेली बॅटरीही असून नसल्यासारखी." मी खाली वाकले. दांडा आरशासारखा चकाकत होता. "हा कधी रंगवलास?"

"महिना झाला. गंज धरला होता," दादा जरा फुशारकीनेच म्हणाला. "तार सोडली, रंगाचे तीन हात दिले, पक्कं वाळू दिलं, मग तार परत आवळली."

दुसरा कुणी असता तर त्याने बोल्टच्या भोवतीने ब्रश फिरवला असता. माझा भाऊ बोटभर जागा बिनरंगाची सोडणार नाही.

"दादा, तुझ्या रंगातून वीज जात नाही. बॅटरी बदलताना तार हलायची, कुठेतरी घासून लोखंडाला टेकायची आणि दोन दिवस चालायचं. आता हे बघ."

बोल्टच्या कडेला, तारेच्या कडीला लागून, रंग खरवडून लोखंड उघडं पडलेलं होतं. दादाने अंगठा फिरवला. त्याचा चेहरा बदलला.

"हा ओरखडा माझा नाही."

"बाबांचा आहे. काठीचं टोक अर्धं कडीवर आणि अर्धं ओरखड्यावर टेकवायचं. झाली वाट मोकळी."

मी वहिनीला हाताला धरून आणलं आणि पाना तिच्या हातात दिला. "याच जागी टेकव."

तिने टेकवला. तिन्ही दिवे लागले. तिने उचलला, गेले. तिने आणखी एकदा करून बघितलं, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चला. चपला घालते."

बाबा गर्दीतून वाट काढत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वायरिंग कुठे शिकलात?"

"गॅरेजात," ते बोलून गेले, आणि मग झपझप चालू लागले.

दवाखान्यात साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून सलाइन लावलं. "आणखी एक दिवस काढला असता तर…" एवढंच म्हणून ते थांबले. दादा तिथून उठला, ट्रेलरवर गेला आणि पॉलिश पेपर घेऊन आपलाच रंग घासत बसला. तार उघड्या लोखंडावर आवळली, फ्रीज सुरू झाला.  त्याला ते फार झोंबलं होतं.

संध्याकाळी मी वहिनीचे कपडे न्यायला ट्रेलरवर आले तेव्हा दारात शेजारच्या ट्रेलरमधला क्रेनचालक उभा होता, चांगला धिप्पाड माणूस. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"लेकीच्या फिटच्या आहेत," तो म्हणाला. "बाबांनी बंद करायला लावल्या. आठवडा झाला. आमच्याकडेही त्यांनी दिवा लावून दाखवला होता. तो डोळ्यांनी बघितला, म्हणून ऐकलं."

"दिवा लागला हे खरंच आहे, भाऊ," मी म्हटलं. "तुमचीही कुठली तरी तार सैल असेल. पण दिवा लागण्याचा आणि या गोळ्यांचा संबंध काय, हे तुम्ही कुणी विचारलंत का? दिव्याचं कारण नाही कळलं तर 'कळत नाही' म्हणा, त्यात लाज नाही. पण चमत्कार करून दाखवणाऱ्याच्या हातात लेकराचं औषध देऊ नका."

त्याने मान खाली घातली. "मग या आजपासून परत सुरू करू?"

"मला नका विचारू, मी लिफ्टवाली आहे. डॉक्टरांना विचारा. मी तिकडेच निघालेय, लेकीला घेऊन या."

तो पळतच गेला.