दर आठ दिवसाले

खालच्या वस्तीतल्या बायांना पाण्यासाठी गुरुवारच बरा. त्या दिवशी गावचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी कोणी मजुरीला जात नाही. नवी पाइपलाइन वस्तीत आली तेव्हा सगळ्यांनी मिळून हा वार मागून घेतला होता. पहिलं पाणी गुरुवारी आलंही. पुढचं आलं शुक्रवारी, मग शनिवारी, मग रविवारी, आणि पाचवं थेट सोमवारी, बाया सोयाबीन निंदायला गेल्यावर. नळ कोरड्या अंगणात तासभर वाहिले आणि बंद झाले.

दुर्गाबाई शेतातून आल्या त्या रिकामा हंडा घेऊन लेकासमोर उभ्या राहिल्या. "कोनीतरी मुद्दाम करून राह्यलं," त्या म्हणाल्या. पाण्याच्या बाबतीत खालच्या वस्तीला संशय शिकवावा लागत नाही. दुर्गाबाईंच्या आईनं विहिरीपाशी ओंजळ धरून वाट पाहिली होती, वरून कोणाला दया येईल तेव्हा पाणी.

लेक म्हणजे अश्वजित. वाशीमला एका छोट्या कंपनीत जावाचा प्रोग्रामर. त्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढच्या या आपल्या गावाला पाण्याचा प्रोग्राम त्यानंच फुकटात करून दिला होता. वेळ झाली की व्हॉल्व्हला बसवलेली मोटर आपोआप फिरायची, आणि अर्धा तास आधी घरोघरच्या मोबाइलवर मेसेज जायचा. त्याआधी वीस वर्षं हे काम भाऊसिंग करत होता, हातातल्या पान्ह्यानं. आता त्याच्याकडे फक्त देखरेख उरली होती, आणि तेवढ्यासाठी प्रोग्रामचा पासवर्ड.

अश्वजितनं नोंदी काढल्या. दर वेळी बरोबर एक दिवस पुढे, ना कमी ना जास्त. असं आपोआप कसं होईल? चोर हुशार दिसत होता. एकदम वार बदलला तर बोभाटा होईल, म्हणून एकेक दिवस सरकवत होता. यंत्रानं कोणाची किंमत कमी केली होती? भाऊसिंगची. पाणी कुठं मुरतंय ते अश्वजितला लगेच दिसलं, आणि शिकलेल्या माणसाला एकदा दिसलं की त्याला दुसरं काही दाखवणं कठीण.

त्यानं पासवर्ड बदलून टाकला. गुरुवारी मुद्दाम सुट्टी घेऊन टाकीकडे गेला, तर भाऊसिंग बंद व्हॉल्व्हजवळ मांडी घालून बसलेला. बायांनी सांगितलं, हा दर गुरुवारी असाच बसतो, तास दीड तास, आणि मग उठून जातो. आणखी काय पुरावा हवा? अश्वजित त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. घरी येऊन अर्ज लिहिला, भाऊसिंगला कामावरून काढावं म्हणून, आणि वस्तीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. पहिली सही दुर्गाबाईंची. ग्रामसभा पुढच्या बुधवारी होती.

सभेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पाणी आलं. म्हणजे पुन्हा एक दिवस पुढे. पासवर्ड तर आता एकट्या अश्वजितला माहीत होता. मेसेज त्याच्याही मोबाइलवर आला होता. इतके दिवस त्यानं भाऊसिंगचं बसणं पाहिलं, उठणं पाहिलं, एवढंच काय, तो कोणत्या दुकानात चहा पितो तेही पाहिलं. एक स्वतः लिहिलेली ओळ तेवढी उघडून पाहिली नव्हती.

ती त्यानं आता उघडली. प्रोग्राम ज्या स्प्रिंग नावाच्या जावाच्या साधनात लिहिला होता, त्यात वेळेवर काम लावायचे दोन सोपे रस्ते. एकतर वार नेमून द्यायचा, नाहीतर मागच्या वेळेपासून इतके दिवस झाले की पुन्हा, असं सांगायचं. गावातल्या जुन्या तीन आळ्यांना त्यानं वार नेमून दिले होते. खालची वस्ती मागाहून जोडली, तेव्हा घाईत दुसरा रस्ता धरला होता. ओळीत दिवसांच्या जागी आकडा होता, आठ.

त्यानं आपली वही शोधली. पाइपलाइन जोडली त्या दिवशी भाऊसिंगनं सांगितलं तसं अश्वजितच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गुरुवारपासून, दर ८ दिवसाले. भाऊसिंग जे बोलला ते गावात शेंबडं पोरही समजलं असतं. गुरुवार ते गुरुवार, दोन्ही टोकं धरून आठ दिवस, आठवडाच तो. पण अश्वजितनं शब्दाचा आकडा केला आणि तसाच यंत्राला दिला. यंत्राला काय, त्यानं इमानानं आठ मोजले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर सुळी उभारणाराच चोर निघाला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं आठ खोडून गुरुवार नेमून दिला.

अर्ज मात्र ग्रामपंचायतीत पोचलेला होता. बुधवारी सरपंच सोजरबाईंनी तो मोठ्यानं वाचला. भाऊसिंग खाली मान घालून ऐकत होता. वाचून संपायच्या आत अश्वजित उभा राहिला आणि चूक माझी आहे म्हणाला; आठाचा सगळा घोळ त्यानं उलगडून सांगितला. दुर्गाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

सोजरबाईंना तरी एक उलगडत नव्हतं. मग भाऊसिंग दर गुरुवारी तिथं कायले बसत होता?

"गुरुवार पान्याचा दिवस हाय ना," भाऊसिंग म्हणाला. "याच्या मशिनीनं सोडलं नाही तं आपन सोडावं म्हनून जात होतो. पान्हा संगंच रायते."

"मंग सोडलं काहून नाही?" अश्वजितनं विचारलं.

"तूच बजावलं होतं ना मले, 'काका, आता हात लावू नका' म्हनून." भाऊसिंग पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "मले वाटलं, तुमच्या वस्तीनंच वार बदलला असंन. तू त्या गुरुवारी आला, समोर उभा राह्यला. म्या म्हटलं, आता इचारंन, मंग इचारंन. एका शब्दानं इचारलं असतं ना बापा."