शेवटच्या आरशाचा फोटो

आमचं आरशांचं दुकान, मागेच घर. चौकटी माझे यजमान करायचे, काच मी पुसायची. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, आरशापुढे उभं राहून केस सारखे करायचं आणि मगच भाव करायचं. "चेहरा ओढल्यासारखा दाखवतोय हा," असं कुणी म्हटलं, की यजमान म्हणायचे, "आरसा काही ठेवून घेत नाही, ताई. दिलंत तेच परत."

मग धंदा इंटरनेटवर गेला. पुढचं शटर अर्धं खाली आलं आणि मागच्या दाराने खोकी जाऊ लागली. लोक आता तोंड न बघताच आरसा घेतात.

विक्रीसाठी फोटो यजमानांनीच काढले. आरशाचा फोटो समोरून काढला, की काढणारा आत येणारच. हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. प्रत्येक आरशात ते होते, एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून.

मुलगा म्हणाला, "बाबा, आरसा विकायचाय की तुम्हाला?"

"असू दे रे. दुकानात माणूस आहे हे कळू दे."

ते गेल्यावरही फोटो तसेच राहिले. एकाने साइटवर लिहिलं, 'आरसा उत्तम. म्हातारेबुवा मात्र खोक्यात निघाले नाहीत.' मुलगा हसत हसत वाचायला लागला आणि मधेच उठून गेला.

नव्या चौकटी कारखान्यातून येतात. त्यांच्या फोटोत कुणीच नसतं.

यजमानांच्या हातचे आरसे एकेक करून गेले. रोज भांडी आवरली, की मी फोनवर दुकान उघडून बघायची. ते कमी कमी होत चालले होते. मला वाटायचं, आरसा ज्या घरी जातो, त्या घरी तेही जातात. शेवटी एकच उरला. सुनेने शिकवलं होतं तसं मी बोट दाबलं आणि तो आपल्याच पत्त्यावर मागवला. म्हटलं, आता तरी घरी राहतील.

पडद्यावर अक्षरं आली: माल संपला. फोटो गेला.

"आई, आरसा गोदामातच होता गं! मागितला असतास तर दिला नसता का?"

"आणि फोटो?"

"विकलं गेलं की साइट आपोआप काढून टाकते."

"तुझ्याकडे असतील ना?"

"बाबांच्या फोनात होते सगळे. तो फोन मी..." तो थांबला. "पुसून विकला."

आरसा आला. मी तो ओल्या फडक्याने पुसला, दुकानातल्या भिंतीला टेकवला आणि कडेला उभी राहिले.

"अशी कोपऱ्यात काय उभी आहेस? दिसतेयस तरी का त्यात?" मागून मुलगा म्हणाला.

"तूही सरक जरा."

तो सरकला. आरशात समोरची भिंत दिसत होती, अर्धं शटर दिसत होतं आणि मधे एका माणसापुरती जागा.