शनिवारची चिठ्ठी

‘पालकांपैकी कोणी या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत काय?’ या रकान्यापाशी येऊन पेंटरचं पेन थांबलं. वडिलांच्या पुढे त्याने झोकात ‘होय’ लिहिलं. आईच्या पुढची जागा तशीच राहिली. बायको स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून उभी होती. कुणी आत ये म्हणेपर्यंत ती स्वतःच्या घरातही अशी दाराशी थांबायची. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती, आणि ती दिसली की पेंटर घाईने तिला आत बोलवायचा.

शाळा सरकारी, हाकेच्या अंतरावरची. आठवीचे प्रवेश उद्या बंद होणार होते आणि दुसऱ्या शाळेसाठी पोरीला दोन बस बदलाव्या लागल्या असत्या. तरी महिनाभर बायकोचं एकच पालुपद होतं, तिथे नको. का नको, ते मात्र सांगत नव्हती. पेंटरचा त्या शाळेवर भारी जीव. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या, आणि अक्षराला वळण लावलं ते आमच्या वर्गशिक्षकांनी, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

त्या शिक्षकांची एक रीत तो कुणालाच सांगत नसे. वर्गात कोण बोलतं ते टिपायला त्यांनी गुपचूप एक मुलगा नेमला होता. तो कोण, हे फक्त त्या दोघांना ठाऊक. दर शनिवारी शिक्षकांच्या खणात एका नावाची चिठ्ठी पडायची. सोमवारी ते मूल दिवसभर वर्गाच्या दाराबाहेर, आणि घरी जाताना तीच चिठ्ठी त्याच्या हातात, वडिलांची सही आणायला. चिठ्ठी कोरी आली, तर लिहिणाराच बाहेर जाणार होता.

पोरं महा वस्ताद. चार शनिवार गेल्यावर कुणी चकार शब्द काढेना. मग पेंटरने खिडकीजवळच्या मुलीचं नाव लिहिलं. ती बोलताना अडखळायची, म्हणून कधी बोलतच नसे. मी बोलले नाही, एवढंही तिला धड सांगता येणार नव्हतं. एकदा खपलं, म्हणून त्याने पुन्हा लिहिलं. त्या वर्षी ती सतरा सोमवार दाराबाहेर उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी शाळेत आलीच नाही.

पुढे स्थळ म्हणून तीच समोर आली, तेव्हा तो ब्र न काढता हो म्हणाला. चांगलं वागवलं की भरून निघेल, अशी त्याची भाबडी समजूत. तो वागलाही चांगला. आता ती बेकरीच्या काउंटरवर दिवसभर लोकांशी बोलायची, क्वचितच अडखळायची. आपण एका वर्गात होतो, एवढंच दोघांच्या बोलण्यात यायचं. तरी सोमवारी सकाळी ती घराबाहेर पडली की त्याला कामावर जावंसं वाटत नसे.

“अगं, आत ये ना,” तो म्हणाला.

ती येऊन समोर बसली. त्याने समजूत घालायला सुरुवात केली. नवे शिक्षक आलेत, इमारतीला रंग दिलाय, जुनं आता काही राहिलं नाही. तिने फॉर्म स्वतःकडे फिरवून घेतला. पोरीच्या नावावरून तिचं बोट सावकाश फिरलं.

“जाऊ दे तिला तिथेच,” ती म्हणाली. “तिला बोलता येतं.”

पेंटरने सुटकेचा श्वास टाकला. तिने फॉर्मची घडी घातली, मग घडीची घडी घातली. कागद चिठ्ठीएवढा झाला.

“दुसरा कोरा आहे?”

“आहे. का, काही चुकलं?”

“चुकलं नाही. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा सामानाची यादी लिहून दिलीत, तेव्हाच ओळखलं मी. अ... अक्षर काही बदललं नाही तुमचं.”

पेंटरने पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

तिने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, कोरा फॉर्म पुढे ओढला.

“तिचं नाव तुम्ही लिहू नका,” ती म्हणाली.

एकेक अक्षर जपून काढत ती लिहू लागली. आईच्या रकान्यात तिने ‘होय’ लिहिलं. पेंटर उठला आणि कुठे जावं ते न कळून दाराशी जाऊन उभा राहिला. तिने एकदा मान वर करून पाहिलं. आत या, असं काही ती म्हणाली नाही.