कुर्दी गावचा पाटील

मी एक कादंबरी बोलतेय. माझा जन्म कुर्दी भाषेत झाला. ती भाषा शाळेत बोलली म्हणून माझ्या लेखकाने लहानपणी छड्या खाल्ल्या, आणि मोठेपणी तिच्यात लिहिलं म्हणून त्याला देश सोडावा लागला.

माझी गोष्ट एका डोंगरी गावाची. सरकार गावकऱ्यांना बंदुका देतं आणि सांगतं, आपल्याच माणसांवर पहारा ठेवा. नाही म्हणणाऱ्यांची घरं जाळली जातात. गावचा मुखिया बंदूक घेतो आणि शेजारणीचा मुलगा सैनिकांना दाखवून देतो.

जालन्याच्या सत्यशीलाबाईंनी मला मराठीत आणलं. बाई हौशी! डोंगरातल्या माणसांच्या तोंडी त्यांनी आपली मराठवाडी बोली घातली आणि मुखियाचा 'पाटील' केला. तिथेच माशी शिंकली.

टेंभुर्णीजवळच्या एका गावात, वाचनालयात माझा मुक्काम पडला. लालमियाँची लेक साजिया तिथली ग्रंथपाल. त्या नोकरीवरच तिचं घर चालायचं. दुपारी बायका ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसायच्या आणि ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. मला कोण आनंद व्हायचा!

पाटलाने मुलगा दाखवून दिला, त्या पानाशी त्या बायकांतल्या नंदाबाईंचे हात थांबले. मागच्या साली रास्ता रोकोनंतर त्यांचा मुलगा संपत पोलिसांनी उचलला होता. नावं कोणी दिली ते गावाला ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

"बाई गं, हे तर आपलंच लिव्हलंय," त्या म्हणाल्या.

ही बातमी वाचनालयाचे अध्यक्ष साहेबराव पाटील यांच्या कानी गेली. चोराच्या मनात चांदणं! दुसऱ्याच दिवशी ते ओसरीवर हजर.

"माझ्यावर पुस्तक लिव्हतीस?"

"न्हाई काका, हे कुर्दांचं आहे. लई दूरचा मुलूख."

"नावं बदलली म्हंजी आमाला कळत न्हाई का?" मग ते बायकांकडे वळले. "काय वाचलं हिनं? कोणी ऐकलं?"

साजियाने नंदाबाईंकडे पाहिलं.

"आमी तं मिरच्या खुडून राह्यलो होतो, दादा," नंदाबाई खाली बघत म्हणाल्या. "आमचं ध्यान नव्हतं बिलकुल."

मला त्यांचा फार राग आला. पण संपत अजून कोर्टाच्या तारखांना जातोय, आणि ती केस मिटवायची तर साहेबरावांचाच शब्द लागतो. बाईने तरी काय करावं?

साजियाची नोकरी त्याच दिवशी गेली. मी आता साहेबरावांच्या कपाटात जुन्या धोतरांखाली पडून आहे. त्यांनी मला अजून उघडूनही पाहिलेलं नाही.

बायांनो, माझ्यासाठी कोणी भांडू नका. माझ्या प्रती दुसऱ्या गावांत आहेत, साजियाला मात्र दुसरं काम नाही. ती रोज तुमच्या दारावरून जाते. एकीने तरी बाहेर या आणि म्हणा, हो, आम्ही ऐकलं.