झऱ्यावरचे दाणे

धाकट्या दिराचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. थोरली अंगणात उकिडवी बसून नकाशावर दाणे मांडत होती. गावात कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून जंगलखात्याच्या साहेबांनी चुन्यानं जमिनीवरच जंगल, झरा, नदी आखली होती. जनावराच्या जागी खडा ठेवायचा, माणसाच्या गरजेच्या जागी दाणे. त्यावरून कुठलं जंगल राखायचं ते ठरणार होतं.

थोरलीनं नदीच्या डोहावर खडा ठेवला. "इथं मगर आहे." मग झऱ्यावर मूठभर दाणे ओतले. "आणि पाणी आम्ही इथनं नेतो. एवढं आमचं राहू द्या, साहेब."

"राहील की, मावशी. तुम्ही सांगाल तसंच होणार."

सगळे चहाला उठले. परत येईतो थोरलीच्याच तांबड्या कोंबडीनं झरा टिपून साफ केला होता. खडे जागच्या जागी होते. साहेब नकाशाचा फोटो काढत होते.

"अहो, तिथं दाणे होते!" थोरली ओरडली.

"मग कोंबडीला विचार ना कुठं गेले," मुखिया म्हणाला आणि अंगण खदखदलं. सगळ्यांत जास्त हसली ती नवी जाऊ, धाकटी. "जाऊबाई, तुमच्या कोंबडीनंही मत दिलं!"

"चोराला सोडायचं नाही," मुखिया म्हणाला. "पाहुण्यांच्या जेवणाला हीच करा."

थोरलीनं कोंबडी कापली. गळ्याची पिशवी फोडली, तर दाणे अख्खेच्या अख्खे. साहेब ओट्यावर बसून पुन्हा चहा पीत होते. रक्ताच्या हातानं तिनं त्यांच्यापुढं मूठ उघडली.

"बघा साहेब, हा आमचा झरा."

साहेबांनी तोंड फिरवलं. "काय हे मावशी! नकाशा झालाय आता."

"जा, हात धू आधी," नवरा खेकसला.

कोंबडी साहेबांना आवडली. रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी झऱ्याभोवती तारेचं कुंपण पडलं. पाटी कुणाला वाचता आली नाही, तार सगळ्यांना कळली. बायका डोहावर जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी थोरलीनं धाकटीला बजावलं, "या दगडाच्या पुढं पाय टाकायचा नाही."

"मग घागर बुडायची कशी, जाऊबाई?"



थोरलीच्या घरात आता दोन घागरी आहेत. त्यातली पोचे आलेली धाकटीची. धाकटीला मगरीनं नेलं ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत.