आम्ही सहा जण

आमचे हे गेले दोन महिने दर मंगळवारी ताईंकडे जातात. ताई म्हणजे मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टर. हे अग्निशमन दलात आहेत, दलानेच पाठवलंय. मला त्यातलं फारसं कळत नाही. यांनी ठकीला उचलावं, एवढंच मला हवंय. ठकी आमची, दहा महिन्यांची. एका इमारतीची आग विझवायला गेले होते, तेव्हापासून यांनी तिला कडेवर घेतलेलं नाही. मी शेजारी बसले तर मांडीवर घेतात, तेही हात न लावता.

ताईंची रीत अशी: डोळे मिटायचे, आणि तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा. ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. मध्येच ताई विचारतात, "त्रास किती? शंभरपैकी?"

"साठ."

दर वेळी साठच. "फर्स्ट क्लास मिळाला की बाई खूश," हे मला म्हणाले होते. त्या दिवशी दोघंही हसलो होतो.

ठकीला थोपटता थोपटता मीही ऐकायचे. "वर्दी मिळाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. आम्हाला एक लहान मुलगी आढळून आली." आगीच्या निरोपाला हे लोक वर्दी म्हणतात. सगळं अहवालासारखं. अहवालात 'मी' नसतोच. पाणी मारलं तरी आम्ही, जिन्यावरून पडलं तरी आम्ही.

"'आम्ही' नको," ताईंचा आवाज मऊ. "तिचा हात कुणी धरला होता? 'मी' म्हणून सांगा."

सहा मंगळवार हेच. सातव्याला आलं: "मी धरलाय. हातमोजा ओला आहे. साहेब मागून पट्टा ओढतायत. मी... मी सोडला."

मग ताईंचा आवाज:

"किती?"

"शंभर."

"फार मोठं पाऊल टाकलंत," ताई म्हणाल्या.

घरी मात्र मांडीवर घेणंसुद्धा बंद झालं. ठकी रांगत आली की हे उठून गॅलरीत जायचे. मी ताईंना फोन लावला.

"आधी वाढतं, मग उतरतं."

"आणि नाही उतरलं तर?"

त्या म्हणाल्या, "काहींचं नाही उतरत. 'मी'ची घाई माझ्याकडूनच झाली असेल. त्यांना पाठवा, आपण बघू."

आज मंगळवार. हे बूट घालून खुर्चीत बसून राहिले.

"अहो, निघायचं ना?"

"कशाला? त्या जिन्यात आम्ही सहा जण होतो गं. ताईंच्या खोलीत मी एकटाच उरलो."

"मग पुन्हा आम्ही म्हणा की. कोण अडवतंय?"

"म्हणून बघितलं. आता येत नाही."

तेवढ्यात ठकी आली, यांच्या पँटला धरून उभी राहिली. 'घे' म्हणून दोन्ही हात वर केले आणि तिचा तोल गेला. यांचे हात मांड्यांखाली दाबलेले होते. तिथून निघालेच नाहीत.

ती मागच्या मागे आपटली. मी धावले.

"लागलं का?" यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. लागलं होतं.