होडीचा तोल

“काय चाललंय?” बायकोनं त्याच्या कानाशी लागून विचारलं.

“एक माणूस बसलाय,” तो म्हणाला.

“कसा बसलाय?”

“खुर्चीवर.”

अंधारात तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. पडद्यावरचा माणूस बराच वेळ तसाच बसून राहिला, मग उठला आणि त्यानं खिडकी लावली. तेही नवऱ्यानं तिला सांगितलं. सिनेमा संपला तेव्हा त्याला घाम फुटला होता आणि बायकोला एवढंच कळलं होतं, की परदेशात कुणी एक जण पुष्कळ वेळ बसून असतो.

उभा जन्म त्यानं शहराची बस चालवण्यात काढला होता. डेपोत त्याला मौनीबाबा म्हणत. घरात बोलायचं खातं बायकोकडे. ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती आणि वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या फिल्म क्लबची जुनी सभासद. तिथं बाहेरदेशचे, चार मित्रांनी मिळून थोडक्या पैशांत काढलेले सिनेमे दाखवत. नंतर खुर्च्या गोल करून चर्चा. तिच्यासोबत तोही जायचा आणि सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरू लागायचा.

मग मधुमेहानं तिच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला. ऑपरेशनं झाली, गुण आला नाही. स्वयंपाकघर तिनं हातांनी पुन्हा शिकून घेतलं, पण क्लबचं नाव काढेना. शनिवारी संध्याकाळी ती रेडिओ लावून बसायची आणि एका स्टेशनवर टिकायची नाही. ते त्याला बघवेना. एका शनिवारी त्यानं तिच्या पायाशी चपला आणून ठेवल्या आणि म्हणाला, “चल. मी सांगतो.”

सांगतो म्हणणं सोपं होतं. खुर्चीवरच्या माणसानंतर त्याला वाटलं, ती आता येणार नाही. पण पुढच्या शनिवारी तीच आधी तयार होऊन बसली. त्या वेळी दोन बहिणींचा सिनेमा होता. आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायला आलेल्या. अख्खा सिनेमा एका खोलीत. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या भाषांतराच्या ओळी तो भराभर कुजबुजत होता, पण त्या बहिणी बोलतच कमी.

“आता?” तिनं विचारलं.

“धाकटी कपबश्या कागदात गुंडाळतेय. थोरलीला त्यातला एक कप हवाय. पण मागत नाहीये.”

“मागत नाहीये, तर हवाय हे कशावरून?”

त्यानं पडद्याकडे पुन्हा नीट पाहिलं. “हात पुढे येतो नि परत जातो.”

तिनं चिमटा काढला नाही. नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत उचलला नाही.

तिथून त्याची जीभ सुटली. पुढच्या रांगेतल्या वकीलबाईंनी मागे वळून, अगदी सभ्यपणे, आवाजाचा त्रास होतो म्हणून सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. क्लब चालवणाऱ्या ग्रंथपालांनी दोघांना शेवटच्या रांगेत, घरघरणाऱ्या पंख्याशेजारी जागा करून दिली. पंख्याच्या आवाजात त्याला कुजबुजायचंही कारण उरलं नाही. घरी जाताना तो आता मतंही देऊ लागला. डोंगरातल्या ट्रकवाल्याची प्रेमकहाणी क्लबात सगळ्यांनी डोक्यावर घेतली, याला मात्र पटली नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा माणूस कुणावर प्रेम करायच्या लायकीचा नसतो, असं त्याचं म्हणणं. बायको भररस्त्यात थांबून पोट धरून हसली.

मग तो तळ्याचा सिनेमा आला. थंड मुलूख, तळ्याकाठी एक म्हातारा नि म्हातारी. म्हातारी आजारी पडते. म्हातारा तिला होडीत घालून पलीकडच्या दवाखान्यात नेतो. बायकोला तो हे रंगून सांगत होता. म्हातारी वल्ह्यांच्या तालावर मान हलवते, म्हातारा तिला हसतो, सगळं. आणि शेवटी धुक्यातून होडी परत येऊ लागली, तेव्हा त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

“आली का होडी?” बायकोनं विचारलं.

“आली.”

“दोघं?”

“दोघं,” तो म्हणाला. “शालीत गुंडाळून बसलीये ती.”

चर्चेत वकीलबाईच पहिल्या बोलल्या. म्हातारा एकटा परततो, समोरच्या फळीवर नुसती शाल, त्या एका दृश्यासाठी हा सिनेमा आपण विसरणार नाही, असं त्या म्हणाल्या. बायकोनं मान खाली घातली. घरी त्यानं चहा पुढे ठेवला, तेव्हा तिनं कप बाजूला सारला.

“माझे डोळे गेलेत. मन शाबूत आहे,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. “तुम्ही ‘हात परत जातो’ म्हणालात ना, त्या दिवसापासून मला वाटतं की मी बघतेय. आणि आज मीच एकटी दुसराच सिनेमा बघत होते. असं करणार असाल तर रेडिओ बरा.”

त्याला म्हणायचं होतं, की तुला धक्का बसेल म्हणून तसं सांगितलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. ती रिकामी फळी त्याच्यानंच बघवली नव्हती. त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“सांगतो,” तो म्हणाला. “धुकं आहे. आधी वल्ह्याचा आवाज. मग होडी. तो एकटाच आहे. समोर शाल, घडी घातलेली. ती उडू नये म्हणून तिच्यावर आपली टोपी ठेवलीये त्यानं. डोकं उघडं, थंडीत.” ती त्याच्याकडे झुकली, तसा तो पुढे सांगू लागला. “आणि होडी कललीये. दोघांच्या वजनाची सवय ना तिला. सारखी त्याच्या टोकाकडे दबतेय. तो सरकतो, तरी सरळ होत नाही. मग तो मधोमध येऊन बसतो. तिथून त्याचे हात वल्ह्यांना नीट पुरत नाहीत. तरी मारतो.”

“रडतोय?”

“नाही. काम चाललंय त्याचं.”

बायकोनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं चाचपत गार झालेला चहा जवळ ओढला आणि पिऊन टाकला. “आता पाहिला मी,” ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी सिनेमाआधी ग्रंथपालांनी विचारलं, मागच्या सिनेमाबद्दल कुणाला काही बोलायचंय का. डोळे गेल्यापासून ती चर्चेत गप्पच असायची. आज ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. होडीबद्दल बोलली. कलण्याबद्दल, मधोमध बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल, न पुरणाऱ्या हातांबद्दल. फोनवर इस्पितळभर ओळखीचा असलेला तिचा तो स्वच्छ आवाज हॉलच्या टोकापर्यंत पोचला. शेवटी ती म्हणाली, “हा सिनेमा मला आमच्या ह्यांनी दाखवला.” आणि बसली. वकीलबाई वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. कुठं बघावं ते न कळून तो पंख्याकडे बघू लागला.

त्या दिवशीचा सिनेमा संपला. दिवे लागले, लोक उठले, खुर्च्या सरकल्या. ती बसूनच होती.

“आता काय चाललंय?”

“काही नाही. नावं वर जातायत.”

“वाचा की.”

नावं परक्या देशातली, लांबलचक, जीभ अडखळावी अशी. तो उभा राहिला. दाराशी पोचलेले दोघंतिघं थांबले. त्यानं घसा साफ केला आणि एकेक नाव, न गाळता, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.